तुटेपर्यंत ताणू नये

शस्त्रक्रिया आटोपून शल्यचिकित्सक बाहेर आले आणि 'सगळे निघाले' असे म्हणाले, की बाहेर बसलेले नातेवाईक हात जोडतात. पण 'थोडे मुद्दामच ठेवले आहे' असे ते म्हणाले तर काय करावयाचे, हे आपल्याला कोणी शिकविलेले नसते. २००९ च्या डिसेंबरात, मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात, माझ्या थोरल्या बहिणीवर आणि माझ्यावर हा प्रसंग आला. सहा-सात तास वाट पाहून मिळालेले ते वाक्य ऐकताच ताई मटकन खाली बसली. मला मात्र राग आला. मी महसूल खात्यातला माणूस. अपुरे राहिलेले काम म्हणजे कामचुकारपणा, हे समीकरण माझ्या अंगवळणी पडलेले होते. इंदूरहून इतक्या दूर यावयाचे, छाती उघडून घ्यावयाची आणि रोगाचा काही अंश आत ठेवूनच परतावयाचे, हा कुठला न्याय?

त्या रागाचे पुढे काय झाले, हे सांगावे म्हणून हा लेख. प्रश्न वैद्यकातला दिसतो, पण तो केवळ वैद्यकाचा नाही. जे करता येते ते शेवटपर्यंत करावेच काय? आणि मध्येच थांबणे हे केव्हा शहाणपण असते व केव्हा पळवाट?

भावोजी गणिताचे शिक्षक होते. आयुष्यात विडीला न शिवलेले. तरी वयाच्या साठीत त्यांना धाप लागू लागली, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. छातीचा साधा एक्स-रे स्वच्छ, म्हणून वर्ष-दीड वर्ष दम्याचे औषध चालले. अखेर सीटी स्कॅन झाला, दुर्बिणीने आत पाहिले गेले आणि श्वासनलिका जेथे दुभंगते नेमक्या त्या जागी गाठ आढळली. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हे तिचे नाव. हा कर्करोग संथ चालीचा असतो. परंतु दिसते तेवढाच तो नसतो. नळीच्या अस्तराखालून, मज्जातंतूंच्या कडेकडेने तो दृष्टीआड सरकत राहतो.

ही जागा कशी असते हे थोडे सांगितले पाहिजे, कारण सारा नैतिक पेच त्या जागेच्या रचनेतूनच उभा राहतो. प्रौढ माणसाची श्वासनलिका जेमतेम ११-१२ सेंटिमीटर लांब असते. कूर्चेची अठरा ते बावीस कडी एकाखाली एक रचून ती उघडी ठेवलेली असते. ही कडी मागच्या बाजूने अपुरी असतात. छातीच्या मध्यावर तिचे दोन फाटे होतात. उजवा फाटा आखूड आणि बराचसा सरळ उतरणारा. म्हणूनच मुलाने गिळताना श्वासात ओढलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडे जातो. डावा फाटा लांब आणि आडवा, महाधमनीच्या कमानीखालून जाणारा. दोन्ही फाटे जेथे सुटतात तेथे आत एक धारदार उंचवटा असतो. त्याला 'कॅरिना' म्हणतात. हा लॅटिन शब्द जहाजाच्या तळाशी असलेल्या कण्याचा आहे.

आतड्याचा वीतभर तुकडा काढून उरलेली टोके शिवली, तर पोटाला फारसे कळत नाही, कारण आतडे लांब आणि सैल असते. श्वासनलिकेत ही चैन नाही. तिला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या दोन्ही बाजूंनी आत शिरतात. नळी अधिक मोकळी करावी तर या वाहिन्या तुटतात आणि कडा सुकतात. मोकळी करू नये तर टोके जुळत नाहीत. शिवाय फाट्याच्या जागी दोन नव्हे तर तीन तोंडे जुळवावयाची असतात, आणि डावा फाटा महाधमनीखाली अडकलेला असल्याने तो फारसा वर येत नाही. हे सारे करीत असताना रोग्याचा श्वास थांबवून चालत नाही. शल्यचिकित्सकाला ज्या नळीत टाके घालावयाचे असतात तीच नळी भूलतज्ज्ञाला हवा देण्यासाठी हवी असते. उघड्या छातीतून थेट डाव्या फाट्यात दुसरी नळी बसवून श्वास चालू ठेवतात. टाके घालताना ती क्षणभर काढतात आणि पुन्हा बसवितात. एकाच चिंचोळ्या वाटेवर दोघांचे काम, आणि रस्ता एकमेकांना द्यावयाचा.

शस्त्रक्रिया चालू असतानाच कापलेल्या कडेचा पातळ काप गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. भावोजींच्या बाबतीत उत्तर आले, की वरच्या कडेला रोगाच्या पेशी अजून आहेत. आणखी कापावयाचे की थांबावयाचे? डॉक्टर थांबले. बाहेर येऊन त्यांनी ते स्वतः सांगितले. मी चढ्या आवाजात कारण विचारले, तेव्हा ते माझ्याकडे न पाहता ताईकडे वळले. म्हणाले, "ताई, आणखी एक-दोन कडी कापली असती तर टोके जुळलीही असती, पण ओढून. ओढून शिवलेला सांधा टिकत नाही. राहिलेला रोग वाढायला वर्षे घेईल. सांधा सुटला तर दिवससुद्धा मिळणार नाहीत. उरलेल्याला आपण किरणोपचार देऊ."

पुढचा आठवडा भावोजींची हनुवटी छातीला टाके घालून बांधून ठेवलेली होती. मान मागे गेली तर सांध्यावर ताण येईल, म्हणून ही तजवीज असते. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी ताईला सांगितले, "लग्नातसुद्धा इतका वेळ मान खाली घातली नव्हती." आम्ही हसलो. माझा राग मात्र गेला नव्हता.

निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला, तेव्हा या विषयाचा इतिहास मी हौसेने धुंडाळला. १९५० साली इंग्लंडमधील शल्यचिकित्सक रोनाल्ड बेल्सी यांनी असे मत मांडले, की श्वासनलिकेचा साधारण दोन सेंटिमीटरचा, म्हणजे चारेक कड्यांचा भागच काढून टोके जुळविता येतात. त्याहून अधिक काढावयाचे असेल तर मध्ये काहीतरी कृत्रिम बसवावे लागेल. पुढे कित्येकांनी तसे बसवून पाहिले. धातूच्या जाळ्या, प्लॅस्टिक, सिलिकॉन. बहुतेक वेळा पदरी अपयश आले. श्वासनलिका शरीराच्या आत असली तरी बाहेरच्या हवेला उघडी असते. जंतू तेथे सतत पोचत असतात. परकी वस्तू मांसात मिळून येत नाही, कडेला पू धरतो, मांस वाढून वाट बुजते किंवा शेजारची मोठी रक्तवाहिनी झिजून फुटते.

दुसऱ्या वाटेने गेले ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे हर्मिस ग्रिलो. परके काही न घालता शरीराचेच किती सैल करता येते, हे त्यांनी पाहिले. त्यासाठी आधी ते मृतदेहांकडे वळले. किती कडी काढली, मान किती वाकविली, फुप्फुसाचे मूळ किती मोकळे केले आणि टोके जुळविण्यास किती वजनाचा ताण लागला, याची मोजमापे १९६४ आणि १९६८ च्या त्यांच्या निबंधांत आहेत. बेल्सींची दोन सेंटिमीटरची मर्यादा त्यातून बरीच पुढे सरकली. योग्य रोग्यात श्वासनलिकेचा जवळजवळ अर्धा भाग काढता येतो असे दिसून आले. फाट्याची जागा मात्र अधिक हट्टी निघाली. १९५७ साली ब्रिटनमधील बार्कले, मॅकस्वान आणि वेल्श यांनी उजवे फुप्फुस वर घेऊन श्वासनलिकेला जोडण्याची आणि डावा फाटा तोडून उजव्या फाट्याच्या कुशीत बसविण्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. १९६३ साली ग्रिलोंनी या जागेवरील आपला निबंध लिहिला, त्यावर भूलतज्ज्ञ बेंडिक्सन यांचेही नाव आहे, हे मला फार आवडले. रस्ता देणाऱ्याचे नाव सहसा कोणी लिहीत नाही.

त्या रुग्णालयाने १९६२ ते १९९६ या काळातील १४३ कॅरिना-शस्त्रक्रियांचा हिशेब १९९९ साली छापला. त्यात मृत्यूचे प्रमाण १२.७ टक्के होते. म्हणजे या विषयातील जगातल्या सर्वांत अनुभवी हातांखालीसुद्धा साधारण आठांत एक दगावला, आणि त्यांनी ते लिहून ठेवले. याच परंपरेने घालून दिलेला दंडक असा, की संथ वाढणाऱ्या गाठीत कडेला रोगाच्या पेशी राहिल्या तरी चालतील, परंतु सांध्यावर अति ताण नको. आमच्या डॉक्टरांनी त्या रात्री ताईला जे चार वाक्यांत सांगितले ते हेच होते.

हे मला नंतर कळले. मधल्या काळात मी एक चूक करून बसलो होतो. २०११ च्या जुलैत वर्तमानपत्रांत बातमी आली, की स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात पाओलो माक्कियारिनी नावाच्या शल्यचिकित्सकाने रोग्याची श्वासनलिका फाट्यासकट काढून टाकली आणि तिच्या जागी प्रयोगशाळेत घडविलेली, रोग्याच्याच मूलपेशी पेरलेली कृत्रिम नलिका बसविली. गाठ समूळ गेली, ताणाचा प्रश्नच नाही! मी ते कात्रण घेऊन ताईच्या घरी गेलो. 'दोन वर्षे थांबलो असतो तर सगळे निघाले असते,' असे भावोजींच्या समोर बोलून गेलो. त्यांनी कात्रण वाचले, घडी घातली आणि वहीत ठेवले. काही बोलले नाहीत. आजारी माणसाला आपण कोणत्या गोष्टीची हळहळ देऊन आलो, हे मला त्या वेळी उमगले नाही.

पुढची हकीकत जगाला ठाऊक आहे. 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित नियतकालिकात २०११ च्या अखेरीस त्या शस्त्रक्रियेच्या यशाचा निबंध आला. २०११-१२ मध्ये त्या रुग्णालयात तिघांना अशा कृत्रिम नलिका बसविल्या गेल्या. ते तिघेही पुढे मरण पावले. पहिला रोगी अडीच वर्षे जगला, पण ती वर्षे कशी गेली याचे रुग्णालयातले कागद आणि छापलेला निबंध यांचा मेळ बसत नव्हता. चार सहकारी डॉक्टरांनी २०१४ साली हे लेखी कळविले. बाहेरून नेमलेल्या प्राध्यापक बेंग्ट गेर्डिन यांनी २०१५ च्या मे महिन्यात गैरवर्तनाचा निष्कर्ष दिला. संस्थेच्या कुलगुरूंनी त्याच ऑगस्टमध्ये तो बाजूला सारला. २०१६ च्या जानेवारीत स्वीडिश दूरचित्रवाणीवर माहितीपट आला, तेव्हा कुठे चक्रे फिरली. फेब्रुवारीत कुलगुरू गेले, मार्चमध्ये माक्कियारिनींना बडतर्फ केले गेले. २०१८ साली 'लॅन्सेट'ने तो निबंध मागे घेतला. २०२३ च्या जूनमध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने तिन्ही रोग्यांच्या बाबतीत त्यांना दोषी ठरवून अडीच वर्षांची कैद सुनावली.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. मर्यादा ओलांडणे हाच अपराध असेल, तर ग्रिलोंनीही बेल्सींची मर्यादा ओलांडलीच होती. सगळेच थांबून राहिले असते तर भावोजींची छाती उघडण्याचे धाडस तरी कोणी केले असते? खरे आहे. तेव्हा फरक धाडसात नाही. तो क्रमात आहे आणि हिशेबात आहे. ग्रिलोंनी मर्यादा पुढे सरकविताना मृतदेहांवर ताण मोजला. आपल्याकडे सुश्रुतानेही शिष्याला शस्त्र धरू देण्यापूर्वी कोहळा, काकडी यांसारख्या फळांवर छेद घेण्याचा सराव सांगितला आहे. स्टॉकहोमला जनावरांवरचे पुरेसे प्रयोगही आधी झालेले नव्हते. जी पायरी मुक्या जनावराने चढावयाची ती रोग्याने चढली. आणि हिशेबाचे म्हणाल तर एकीकडे आठांत एक दगावल्याची कबुली आहे, दुसरीकडे यशाची द्वाही आहे.

'नाही तरी तो मरणारच होता' हा दुसरा युक्तिवाद. तो वरकरणी दयाळू वाटतो, म्हणूनच अधिक धोक्याचा. अपील न्यायालयाने नेमके येथे बोट ठेवले: शस्त्रक्रिया केली नसती तर हे रोगी नगण्य म्हणता येणार नाही इतका काळ जगू शकले असते. मरणार तर आपण सारेच आहोत. एखाद्याला 'मरणारा' असे नाव दिले, की त्याच्या उरलेल्या दिवसांवरची त्याची मालकी जाते आणि ते दिवस दुसऱ्याच्या कर्तृत्वाचे भांडवल होतात. भावोजीही २००९ साली कोणाच्या लेखी 'मरणारे'च होते.

परंतु माझ्यासारख्या सरकारी माणसाला सर्वांत जास्त छळतो तो तिसरा प्रश्न. मर्यादेचे नाव घेऊन काम टाळणारे मी जन्मभर पाहिले आहेत. 'नियमात बसत नाही' असा शेरा नस्तीवर मारून किती अर्जदारांना वाटेला लावले जाते, हे मला कोणी सांगावयास नको. मग शल्यचिकित्सकाचे थांबणे आणि त्या कारकुनाचे थांबणे यांत भेद कसा करावयाचा?

मला सापडलेले उत्तर साधे आहे. अपुरे राहिलेले काम आणि अपुरे ठेवलेले काम या दोन गोष्टी आहेत. पहिले झाकले जाते, दुसरे सांगितले जाते. आमचे डॉक्टर स्वतः बाहेर आले, 'ठेवले आहे' असे म्हणाले, माझा चढा आवाज ऐकून घेतला, कागदावर लिहिले आणि उरलेल्या रोगाची जबाबदारीही पत्करली. किरणोपचार झाले, दरवर्षी दुर्बिणीची तपासणी झाली. थांबल्यानंतरही जो माणूस जागेवर उभा राहतो त्याचे थांबणे संयमाचे असते. शेरा मारून खिडकी बंद करणाऱ्याचे थांबणे म्हणजे पळवाट.

आणि पूर्ण केलेल्या कामातही लबाडी असू शकते, हे मी स्वानुभवाने सांगतो. १९८० च्या दशकात मी माळव्यातील एका तालुक्यात नायब तहसीलदार होतो. मार्चअखेर शासकीय येण्यांची वसुली अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर आली होती. उरलेल्या नावांत एक म्हातारा शेतकरी होता. त्याने पुढच्या पिकापर्यंत मुदत मागितली. मुदत देण्याची शिफारस करणे माझ्या हातात होते. परंतु शंभराचा आकडा समोर दिसत होता. बैलजोडी जप्त झाली, लिलाव झाला, शंभर टक्के वसुलीचे प्रशस्तिपत्र मला मिळाले. पुढच्या पावसाळ्यात त्या गावी गेलो तेव्हा त्याचे शेत पडीक होते आणि घराला कुलूप. मुलासुनांसह तो मजुरीला शहरात गेला, असे शेजाऱ्याने सांगितले. दोन टक्के मी ओढून जुळविले आणि सांधा सुटला. ते प्रशस्तिपत्र अजून माझ्या कपाटात आहे. फाडून टाकावे असे कैकदा वाटले. पण हिशेब म्हणून ते राहावे, असेच आता वाटते.

'तुटेपर्यंत ताणू नये' असे आपण मराठीत सहज म्हणून जातो, आणि तेही बहुधा भांडणाच्या संदर्भात. त्या म्हणण्यात दुबळेपणाचा सल्ला आहे असे मला तरुणपणी वाटे. आता वाटते, की ताण किती सोसेल हे ज्याने मोजले आहे त्यालाच तसे म्हणण्याचा अधिकार आहे. आयुर्वेदाने साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये 'याप्य' नावाचा रोगांचा एक वर्ग मानला आहे: जो मुळापासून जात नाही, पण उपचार चालू असेतो माणसाला जगू देतो. सुश्रुतसंहितेत त्याला उपमा दिली आहे ती पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची. टेकू लावलेले घर नवे होत नाही. पण त्यात दिवा लागतो, माणसे जेवतात, मुले अभ्यास करतात. आपल्या आयुष्यातील किती नाती, किती संस्था आणि किती दुखणी या 'याप्य' वर्गातली असतात! ती समूळ नीट करण्याच्या हट्टापायी आपण घरच पाडतो.

२०१६ साली स्टॉकहोमची बातमी आली तेव्हा मी पुन्हा ताईकडे गेलो, या वेळी कात्रण न घेता. झाली गोष्ट सांगितली आणि भावोजींची माफी मागितली. ते म्हणाले, "बरे झाले, आपल्या डॉक्टरांना तेव्हा ती नळी माहीत नव्हती." ताई आतून म्हणाली, "माहीत असती तरी त्यांनी बसविली नसती."

भावोजी २०२० साली गेले. शेवटी रोग फुप्फुसांत पसरला होता. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली शक्यता अकरा वर्षांनी खरी ठरली. एका माणसाच्या अकरा वर्षांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. त्या अकरा वर्षांत त्यांनी शेजारपाजारच्या मुलांना विनामूल्य गणित शिकविले आणि दोन नातवंडे पाहिली. त्यांच्या वहीत मला माझेच २०११ चे कात्रण सापडले. समासात त्यांनी शिक्षकी सवयीने पेन्सिलीने लिहिले होते: 'उत्तर दिले आहे, रीत दाखविलेली नाही.' सांधा मात्र शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होता.